लंडनला आपण काय घेतले? कार्ड स्टेटमेंटमधील अनोळखी सॉफ्टवेअर वजावट कशी ओळखायची

क्रेडिट कार्डाचे महिन्याचे स्टेटमेंट उघडले की पेट्रोल, किराणा, मोबाइल रिचार्ज, विजेचे बिल या ओळी लगेच ओळखू येतात. मध्येच एखादी ओळ अशी निघते की वाचून काहीच बोध होत नाही. ‘पॅडल डॉट नेट’, मग एक चांदणी, मग अर्धवट तुटलेले नाव, पुढे ‘लंडन’ आणि शेवटी ९३६ रुपये २३ पैसे. यवतमाळच्या दत्त चौकात फिरणाऱ्या माणसाने लंडनला काय विकत घेतले, हा प्रश्न रास्त आहे.

अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट होते. रक्कम लहान असली तर ‘असेल काहीतरी’ म्हणून माणूस पुढे सरकतो. मोठी असली तर घाबरून गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. पहिल्या प्रकारात दर महिन्याला पैसे जात राहतात, दुसऱ्यात खात्यात उरलेलेही जाऊ शकतात.

लहान रक्कम म्हणजे नेमकी किती लहान, तेही पाहू. ४९९ रुपयांचे मासिक सबस्क्रिप्शन १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैशांना पडते. वर्षाचे होतात ७,०६५ रुपये ८४ पैसे. पीएम-किसानचे वर्षाचे तीन हप्ते मिळून ६,००० रुपये येतात. त्या योजनेचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच वितरित केला होता. म्हणजे शेतकरी कुटुंबाला वर्षभरात सरकारकडून मिळणाऱ्या त्या रकमेपेक्षा जास्त पैसे एक न वापरलेले अॅप गुपचूप नेऊ शकते. त्याच खात्यातून ट्रॅक्टरचा किंवा दुचाकीचा हप्ता जात असेल आणि या ५८८ रुपयांमुळे शिल्लक कमी पडून तो परत गेला, तर बँकेचा दंड वेगळा आणि कर्जाच्या नोंदीवर डाग वेगळा.

नावात काय असते?

स्टेटमेंटवर दिसणारे नाव बँक ठरवत नाही. पैसे घेणारा व्यापारी आणि त्याचे पेमेंट हाताळणारी कंपनी ते नाव पाठवतात, आणि त्यासाठी जागा असते साधारण २२ ते २५ अक्षरांची. त्यामुळे नावे तुटतात. जागा वाचवायला संक्षेप वापरले जातात आणि चांदणीच्या अलीकडे मध्यस्थाचे, पलीकडे खऱ्या विक्रेत्याचे नाव येते. अलीकडचे नाव पाहून गोंधळायचे नाही, पलीकडे काय आहे ते पाहायचे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा मध्यस्थ फार महत्त्वाचा. पीडीएफ जोडण्याचे, फोटोमागची पार्श्वभूमी काढण्याचे, व्हिडिओ कापण्याचे एखादे छोटे सॉफ्टवेअर पाच-सात जणांची कंपनी बनवते. जगभरच्या देशांत कर भरणे, कार्डे स्वीकारणे, पावत्या देणे तिला झेपत नाही. मग ती आपला माल पॅडल, फास्टस्प्रिंग किंवा टूचेकआउट यांसारख्या कंपन्यांमार्फत विकते. कागदोपत्री विक्रेता हीच मधली कंपनी असते. म्हणून तुम्ही घेतलेल्या सॉफ्टवेअरचे नाव एक आणि स्टेटमेंटवर ‘पॅडल’, ‘एफएस’ किंवा ‘टूसीओ’ असे भलतेच काही. पूर्वी अँटिव्हायरसच्या नूतनीकरणात ‘डीआरआय’ ही अक्षरे अनेकदा दिसायची. ती डिजिटल रिव्हर या अमेरिकी कंपनीची, जी २०२५ च्या सुरुवातीला कोलमडली. ‘एमएसएफटी’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. गुगल आणि अॅपल यांच्या ओळी ओळखायला सोप्या, पण त्यांच्यामागे नेमके कोणते अॅप आहे हे नेहमी कळत नाही. त्यासाठी प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरमधला खरेदीचा इतिहासच पाहावा लागतो.

मध्यस्थ नावाजलेला आहे म्हणून विक्रेताही सचोटीचा, असे मात्र समजू नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच पॅडलशी ५० लाख डॉलरची तडजोड केली. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याची भीती दाखवून पैसे उकळणाऱ्या विक्रेत्यांना पॅडलने पेमेंटची वाट करून दिली, असा आयोगाचा आरोप होता. तरी एक सोय चांगली आहे. पॅडलच्या ग्राहक पानावर खरेदी कोणत्या सॉफ्टवेअरची होती, ते शोधता येते. अशा पानावर कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि ई-मेल एवढेच विचारले जाते. पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी मागणारे पान दिसले की ते बंद करायचे.

रक्कम बोलते

मी इंजिनीअरिंग केले, त्यामुळे असेल कदाचित, पण मला नावापेक्षा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. शेवटी ८२ पैसे आहेत का, ते आधी बघा. ९९, १९९, २९९, ४९९, ९९९ अशा किमतींवर १८ टक्के जीएसटी चढवला की उत्तराच्या शेवटी नेहमी ८२ पैसेच येतात. ९९ चे ११६.८२, १९९ चे २३४.८२, २९९ चे ३५२.८२, ९९९ चे १,१७८.८२. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर रकमेला १.१८ ने भागा. गोल किंवा नऊवर संपणारी किंमत मिळाली, तर तो बहुधा जाहिरातीत कर न धरता दाखवलेला दर आहे. मग ‘९९९ रुपये वर्षाला’ असे आपण कुठे पाहिले होते, हे आठवणे सोपे जाते. अर्थात कर धरूनच दर सांगणारे विक्रेते आहेत. तिथे ही युक्ती चालत नाही.

डॉलरमधल्या खरेदीचे गणित जरा लांब आहे. जाहिरातीत ९.९९ डॉलर लिहिलेले असते. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर ८९९ रुपये १० पैसे होतात. त्यावर अनेक बँका परकीय चलनाचा आकार म्हणून ३.५ टक्क्यांपर्यंत घेतात, ते झाले ३१ रुपये ४७ पैसे. या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ५ रुपये ६६ पैसे. एकूण ९३६ रुपये २३ पैसे, म्हणजे वरच्या लंडनच्या ओळीतली रक्कम. काही बँका हा आकार आणि कर वेगळ्या ओळीत दाखवतात. त्यामुळे एकाच खरेदीच्या तीन ओळी होतात आणि तीन चोऱ्या झाल्यासारखे वाटते. शिवाय डॉलरचा भाव रोज हलतो, म्हणून तेच सबस्क्रिप्शन दर महिन्याला थोड्या वेगळ्या रकमेने दिसते. रुपयात दर दाखवणाऱ्या, पण परदेशात नोंदणी असलेल्या विक्रेत्यावरही काही बँका जादा आकार लावतात.

एक किंवा दोन रुपयांची ओळ असेल तर जास्त सावध व्हा. ती बहुधा कार्ड किंवा यूपीआय चालू आहे का, हे तपासण्यासाठीची रक्कम असते. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ या जाहिरातीतला तो १ रुपया म्हणजे पुढच्या ४९९ ची कायमची परवानगी. ज्योतिष, इंग्रजी बोलायला शिकवणारी, दोन-दोन मिनिटांच्या मालिकांची, स्कॅनरची अशी कितीतरी अॅप्स याच वाटेने येतात. पडद्यावर १ रुपया ठळक असतो, ४९९ फिकट राखाडी अक्षरांत.

परवानगी दिली कधी?

‘मी ओटीपी दिलाच नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा तो दिलेला असतो, पण एकदाच, सुरुवातीला.

रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरच्या आवर्ती पेमेंटसाठी ई-मॅण्डेटची चौकट आणली. पुढच्या जानेवारीत यूपीआयही तिच्यात आले. नोंदणी करताना, बदल करताना आणि रद्द करताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. त्यानंतर मर्यादेपर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातात. ही मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती, डिसेंबर २०२० मध्ये ५,००० ठरली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड बिलासाठी डिसेंबर २०२३ पासून ती १ लाख आहे. घरगुती वापराचे सॉफ्टवेअर महिन्याला १५,००० च्या वर जात नाही, म्हणून दर हप्त्याला ओटीपी विचारला जात नाही.

या चौकटीचा दुसरा अर्धा भाग ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. हप्ता कापण्याआधी किमान २४ तास बँकेने सूचना पाठवलीच पाहिजे. तिच्यात विक्रेत्याचे नाव, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि कारण हवे. ती मिळाल्यावर तो एक हप्ता किंवा पूर्ण मॅण्डेट नाकारण्याची सोय हवी. या सगळ्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. बँकांना तयारीला दोन वर्षे लागली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम खऱ्या अर्थाने लागू झाला. त्या दिवसांत कित्येक परदेशी कंपन्यांचे हप्ते भारतीय कार्डांवर अडकले होते, ते यामुळेच.

म्हणून अनोळखी ओळ दिसली की त्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीचे मेसेज उघडा आणि शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘मॅण्डेट’ किंवा ‘ऑटोपे’ टाका. सूचना सापडली तर कोडे बहुतेक सुटते. सापडली नाही, तर ‘२४ तास आधीची सूचना मिळाली नाही’ हा तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा. अनेक बँकांच्या मेसेजमध्ये बिलडेस्कच्या ‘एसआय हब’ या पोर्टलचा दुवा असतो. नाव ऐकलेले नसल्याने लोक तो फसवणुकीचा समजतात. पोर्टल खरे आहे. तरी मेसेजमधल्या दुव्यावर बोट न ठेवता बँकेच्या अॅपमधून मॅण्डेटच्या यादीकडे जाणे केव्हाही बरे.

मूळ २०१९ च्या परिपत्रकात ही सूचना ‘स्पष्ट, निःसंदिग्ध आणि समजेल अशा स्वरूपात’ द्यावी असे शब्द आहेत. घाटंजी किंवा झरी जामणीच्या खातेदाराला इंग्रजीत, तुटक्या नावाने, सहा संक्षेप असलेला मेसेज पाठवून हे बंधन पाळले गेले, असे कोण म्हणेल? बँका मराठीत कर्जाच्या जाहिराती पाठवतात, मराठीत कॉल करून कार्ड विकतात. पैसे कापण्याच्या सूचनेलाच मराठी का परवडत नाही? खाते उघडताना भाषा विचारली जाते, मग ती नोंद इथे वापरायला तांत्रिक अडचण कोणतीही नाही. हे काम रिझर्व्ह बँकेने एका ओळीच्या स्पष्टीकरणाने करून घ्यावे.

ओळख पटली, पण नको आहे

आता घरातल्यांना विचारा. शिव्या देण्याआधी विचारा, कारण मुले घाबरली की खोटे बोलतात. एकच फोन घरात चार जण वापरतात, त्यात कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असते. इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाने प्रोजेक्टसाठी महिनाभराची मोफत चाचणी घेतलेली असते. फोटो स्टुडिओत किंवा फ्लेक्सच्या दुकानात काम सोडून गेलेल्या डिझायनरने मालकाचे कार्ड टाकलेले असते. लॅपटॉपसोबत पहिल्या वर्षी स्वस्तात आलेला अँटिव्हायरस दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने आपोआप नव्याने सुरू होतो. आपल्या आणि घरच्यांच्या ई-मेलमध्ये रकमेचा आकडा टाकून शोधा. पावती बहुतेकदा ‘प्रमोशन्स’च्या खणात पडून असते.

सापडल्यावर करायची गोष्ट म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द करणे. अॅप फोनवरून काढून टाकल्याने ते रद्द होत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. तिथली यादी पाहून अनेकांना धक्का बसतो. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर गुगलकडेच परतावा मागता येतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्स आहेत आणि परताव्यासाठी अॅपलचे ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ हे पान. थेट संकेतस्थळावरून घेतलेले सॉफ्टवेअर मात्र या याद्यांत दिसणार नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या खात्यातच शिरावे लागते. आणि फोनपे, गुगल पे, पेटीएम किंवा भीम यांतला ‘ऑटोपे’चा कप्पा वेगळा तपासा. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे, कार्डाच्या यादीत ते येत नाही.

‘वार्षिक योजना, मासिक हप्ता’ हा प्रकार फोटो आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा. दर महिन्याचा वाटतो, पण करार वर्षाचा असतो. मध्येच सोडले तर उरलेल्या रकमेचा काही भाग दंड म्हणून मागितला जातो. अडोबीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये दावा दाखल केला तो यावरूनच. हा दंड ग्राहकांपासून दडवला जातो आणि रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली जाते, असे आयोगाचे म्हणणे होते. नूतनीकरणाची तारीख पाहून, तिच्या आधी रद्द करणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग.

इथे एक मोह होतो. ‘हा व्यवहार माझा नाहीच’ असे बँकेला सांगून पैसे परत मिळवावेत. तसे करू नका. विक्रेता तुमचा ई-मेल, लॉगिनची वेळ, आयपी अॅड्रेस पुढे करतो आणि तक्रार फेटाळली जाते. वर गुगल किंवा तत्सम खाते गोठू शकते, ज्यात तुमचे दहा वर्षांचे फोटो असतात. रद्द करूनही पैसे कापले गेले असतील, तर तसेच सांगा आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडा. ती वेगळी आणि भक्कम तक्रार आहे.

ओळख पटलीच नाही तर

मग वेळ मोजायला सुरुवात करा. आधी बँकेच्या अॅपमध्ये कार्ड तात्पुरते बंद करा. ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ हे बटण कार्ड चालू ठेवूनही बंद करता येते. ऑक्टोबर २०२० पासून ही सोय देणे बँकांना बंधनकारक आहे. परदेशी संकेतस्थळांवर कित्येकदा ओटीपी विचारलाच जात नाही, नुसता क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही पुरतो, म्हणून या बटणाचे मोल मोठे. परदेशी विक्रेत्याने दुसरी खातरजमा मागितल्यास ती करण्याची यंत्रणा बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. विक्रेत्याने मागितल्यास, हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत.

त्यानंतर लेखी तक्रार. ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक इथे कामी येते. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणी घोळ केला असेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले तर साध्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्याला ५,०००. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. सूचना आली तो दिवस मोजायचा नाही आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाने धरायचे. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

हे परिपत्रक नुसते कागदावर नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच्याच आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे सुमारे ७६.९० लाख रुपये परत करण्याचा आदेश दिला. ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे त्या परिपत्रकातच आहे. शाखेत ‘तुम्हीच कुठे तरी दाबले असेल’ असे ऐकवले गेले, तर एवढे वाक्य पुरे. त्याच परिपत्रकात असेही आहे की बँकेच्या मेसेजला नुसता ‘रिप्लाय’ करून तक्रार नोंदवता आली पाहिजे. आपल्या बँकेच्या मेसेजला रिप्लाय करून पाहा. बहुतेकांचा तो जातच नाही.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेतली की बँकेने ३० दिवसांत खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यावा, असे २०२२ चे मुख्य निर्देश सांगतात. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सरळसरळ चोरी असेल तर १९३० वर लगेच फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचा असतो.

आता सुरुवातीला सांगितलेला ‘कस्टमर केअर’चा धोका. ५८८ रुपये परत मिळवायला निघालेला माणूस सर्चमध्ये पहिला दिसलेला दहा आकडी नंबर लावतो. पलीकडचा ‘रिफंड प्रोसेस’साठी स्क्रीन दाखवणारे अॅप टाकायला लावतो, यूपीआय पिन टाकायला सांगतो आणि खाते रिकामे होते. परतावा मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागच्या बाजूवरचा किंवा पासबुकावरचा. बँकेचे खरे सेवा-कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात.

कायदा आहे, पण

ग्राहकाला फसवून सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणे भारतात नियमबाह्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ प्रकार आहेत. ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ हा एक, आणि सॉफ्टवेअरच्या आवर्ती बिलातली लबाडी हा स्वतंत्र दुसरा. मोफत चाचणीचे पैशाच्या योजनेत रूपांतर होताना न कळवणे, न सांगता खात्यातून पैसे घेणे, न वापरलेल्या सुविधांचे पैसे लावणे, ही उदाहरणे तिथे नावानिशी दिली आहेत. म्हणजे सरकारला रोग नेमका ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन मंचांना तीन महिन्यांत स्वतःचीच तपासणी करायला सांगितले. चोराला आपले खिसे तपासायला सांगण्याचा हा प्रकार किती उपयोगाचा, हे वाचकांनी ठरवावे. अमेरिकेत प्राइम सदस्यत्वात ग्राहकांना अडकवल्याच्या प्रकरणात अॅमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलर देण्याची तडजोड केली, त्यातले १५० कोटी ग्राहकांना परताव्यासाठी. तिथला आयोग न्यायालयात गेला म्हणून एवढे झाले.

तोवर आपल्या हाती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. कंपनी कुठलीही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे बंगळुरूच्या अॅपविरुद्ध उमरखेडच्या ग्राहकाला यवतमाळच्या जिल्हा आयोगात जाता येते, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरूनही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

बँकेला काय लिहायचे, असे वाचक विचारतात. एवढे पुरते : ‘माझ्या कार्डावर (शेवटचे चार अंक) अमुक तारखेला अमुक नावाने अमुक रुपये वजा झाले. हा व्यवहार मी केलेला नाही / हे सबस्क्रिप्शन मी अमुक तारखेला रद्द केले आहे. वजावटीपूर्वी २४ तासांची सूचना मला मिळालेली नाही. या विक्रेत्याचे ई-मॅण्डेट रद्द करावे, व्यवहारावर हरकत नोंदवावी आणि तक्रार क्रमांक कळवावा.’ दोन पर्यायांपैकी खरा तोच ठेवा आणि सूचना मिळाली असेल तर ते वाक्य काढा. ई-मेलवर पाठवा, शाखेत दिले तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवस्थेत अशा वादांना साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. जुनी स्टेटमेंट पाहायची असतील तर याच आठवड्यात पाहा.